जातो म्हणू नये

१

आमच्या घरात कोणी ‘जातो’ म्हणत नाही. कोपऱ्यावरच्या बकाल्यातून, म्हणजे वाण्याच्या दुकानातून, दही आणायला निघालं तरी ‘येतो’ म्हणायचं, आणि जो घरात असेल त्याने ‘ये’ म्हणून उत्तर द्यायचं. ही आलोकच्या नाशिकच्या घरची शिस्त. लग्नानंतर मी ती उचलली आणि कुवेतला, अहमदीच्या कंपनी क्वार्टरमध्ये राहायला आल्यावर तर जास्तच घट्ट धरली. परक्या मुलखात माणूस असल्याच गोष्टींना धरून राहतो. आमची जुईली तेव्हा दहा वर्षांची, मराठीत विचारलं की इंग्रजीत उत्तर देणारी. पण बाबा दारातून ‘येतो’ म्हणाला की ही असेल तिथून, टीव्हीवरची नजरही न काढता, ‘ये’ म्हणायची. तिचं स्वच्छ मराठी म्हणजे एवढंच, आणि मला त्याचाही अभिमान होता.

नव्याण्णवच्या उन्हाळ्यात आलोक दर गुरुवारी संध्याकाळी व्हायोलिन घेऊन कंपनीच्या क्लबच्या हिरवळीवर जायला लागला. त्याच्या प्लँटवर डेल नावाचा एक अमेरिकन सुपरवायझर होता, केंटकीचा, पिकल्या मिशांचा, बँजो वाजवणारा. त्याच्याबरोबर एक गिटारवाला आणि एक मँडोलिनवाला. हे लोक ब्लूग्रास वाजवत. ब्लूग्रास म्हणजे त्यांच्याकडच्या डोंगराळ भागातलं गावाकडचं संगीत, आलोकने मला सांगितलं.

“निळं गवत?” मी म्हटलं. “इथे हिरवं उगवताना मारामार.”

“ऐकायला तर चल. नावं नंतर ठेव.”

म्हणून मी आणि जुईली गेलो. तिन्हीसांजेची, मगरिबची अजान संपली होती आणि अंगाची लाही कमी झाली नव्हती. हिरवळीवर नुकतंच पाणी मारलेलं, त्या पाण्याचा जरासा कुबट वास, प्लॅस्टिकच्या खुर्च्या, लिंबू सरबत. बऱ्याच जणांची कुटुंबं सुट्टीला मायदेशी गेलेली, त्यामुळे श्रोत्यांत मागे राहिलेले नवरेच जास्त. मधोमध एकच मायक्रोफोन होता. चौघंही त्या एकाच मायक्रोफोनभोवती अर्धगोल करून उभे राहत. ज्याची पाळी येईल तो पुढे सरकून वाजवायचा आणि मागे व्हायचा, की पुढचा पुढे. कोणाचा धक्का कोणाला लागत नव्हता. मला ते आवडलं.

आलोकने वाजवण्याआधी चपला काढून बाजूला जोडीने ठेवल्या. नाशिकला मांडी घालून, व्हायोलिनचं टोक पायावर टेकवून शिकलेला माणूस. इथे उभ्याने वाजवायला शिकला, पण चपला घालून वाद्याला हात लावणं काही त्याला जमलं नाही. डेल त्यावरून त्याची चेष्टा करायचा.

बँजो झाला, गिटार झाली, मँडोलिन झालं, मग आलोक पुढे आला. छान वाजवलं त्याने. तो मागे सरला आणि मग कोणीच पुढे आलं नाही.

गिटारवाला हलक्या हाताने ताल धरून होता. चौघांच्या माना किंचित खाली, नजर मायक्रोफोनवर. आपल्यापेक्षा चांगलं कोणी वाजवत असेल तेव्हा माणूस ऐकतो तसे ते ऐकत होते. एका पाळीला जेवढा वेळ लागतो तेवढा वेळ गेला. मग डेल हसला, “यस सर,” म्हणाला आणि बँजो घेऊन पुढे झाला. श्रोत्यांतल्या दोघातिघांनी टाळ्या वाजवल्या.

कोणीतरी पाळी चुकलं असेल असं मला वाटलं. पण पुढच्या गाण्यातही तसंच झालं, आणि त्याच्या पुढच्याही. तेव्हा माझ्या लक्षात आलं की त्यांच्या अर्धगोलात आलोक आणि डेल यांच्यामध्ये एक माणूस मावेल एवढी जागा मोकळी आहे.

२

निघताना आलोकने आपल्या पद्धतीप्रमाणे एकेकाचा निरोप घेतला. गिटारवाल्याला “येतो”, मँडोलिनवाल्याला “येतो”. त्या मोकळ्या जागेपाशी आला आणि तिथेही मान लववून “येतो” म्हणाला. मग डेलला.

मला हसू आलं. “तिथे कोणाला म्हणालास?”

“सगळ्यांना म्हटलं ना, मग त्याला कसं वगळू?” असं म्हणून तो चपलांत पाय सरकवायला लागला. मग म्हणाला, “सवय गं. ओळीने म्हणत सुटलो.”

डेलने त्या शब्दाचा अर्थ विचारला. मी त्याला इंग्रजीत समजावलं, की याचा अर्थ ‘मी येतोय’ असा आहे, पण आम्ही तो निघताना म्हणतो. जातो म्हणणं अशुभ. जाणारा माणूस परत येईन असं सांगून जातो, आणि राहणारा त्याला ‘ये’ म्हणतो. डेलला हे फारच पसंत पडलं. त्याने माझ्या ओठांकडे बघत दोनचारदा म्हणून पाहिलं. “ये-टो. ये-टो.” जुईली खुदखुदून हसली आणि त्याला “ये” म्हणाली.

“ती मधली जागा कोणाची?” मी विचारलं. मला वाटलं होतं की तो म्हणेल, आमचा एक सोबती सुट्टीवर आहे, किंवा एक होता, तो गेला. तसं असतं तर मला वाईट वाटलं असतं आणि विषय तिथेच संपला असता.

डेल बँजो पेटीत ठेवत होता. वर न बघता म्हणाला, “जो येणार आहे त्याची.”

घरी येताना मी आलोकला म्हटलं, तुझे मित्र जरा चक्रम आहेत. तो “हं” म्हणाला. रस्त्यात तो आणि मी शेजारी चालत होतो आणि आमच्या मध्ये त्याने बरंच अंतर सोडलं होतं. मी त्याच्याजवळ सरकले, तर तो तेवढाच पलीकडे सरकला.

३

मी शाळेत गणित शिकवते. जे दिसतं त्याला आधी साधं कारण शोधायचं, ही माझी खोड आहे. आलोक आता रोज संध्याकाळी हॉलमध्ये उभा राहून रियाज करायचा. आपला भाग वाजवून झाला की गज खाली घेऊन तो अर्धं पाऊल मागे सरकायचा आणि ऐकत राहायचा. मग मान डोलावून पुन्हा सुरू. मी स्वतःला सांगितलं की चौघांत वाजवायचं म्हणजे इतरांच्या जागा सोडून सराव करावाच लागणार.

पण तो थांबला की घरातले आवाजही थांबायचे. कुवेतच्या जूनमध्ये एसी चोवीस तास घुमत असतो, इतका की तो आहे हे आपण विसरून जातो. तो बंद पडला की मगच ऐकू येतो. आलोकचा गज खाली आला की एसीची घुमघुम थांबायची, फ्रिजची थांबायची आणि हॉलमध्ये कान दडपतील अशी शांतता व्हायची. कॉम्प्रेसर मधूनमधून बंद होतोच. दोन्ही एकदम होत असतील, योगायोग असेल. मी स्वयंपाकघरात पोळी तव्यावर तशीच ठेवून उभी राहायचे.

एकदा न राहवून मी बाहेर आले. “काय ऐकतोस रे?”

“त्याची पाळी असते ना.”

“कोणाची?”

“अजून आला नाहीये तो,” आलोक अगदी साधेपणाने म्हणाला. “पण वाजवतो छान. थोडं माझ्यासारखं वाजवतो.”

मला वाटलं, चेष्टा करतोय. मी हसले. तो हसला नाही. मग माझंही हसू ओसरलं.

आमची मुंबईची तिकिटं काढलेली होती. दर वर्षी आम्ही तिघं एकत्रच सुट्टीला जात असू. निघायला आठवडा राहिला असताना आलोक म्हणाला, “या वर्षी तुम्ही दोघी पुढे व्हा. मला नाही जमणार.”

“रजा मंजूर आहे तुझी. काय नाही जमणार?”

“जागा सोडून कसं चालेल, नीरजा? आपण सोडली की दुसरा उभा राहतो.”

“राहू दे की. ती काय बापजाद्यांची आहे?”

 मी त्या रात्री खूप रडले. भांडणात रडणारी मी बाई नव्हे. पण मला स्पष्ट कळत होतं की याला इथे ठेवून मी विमानात बसले, तर परत येईन तेव्हा हा इथे नसेल. दुसरी बाई, नोकरी, आजार, असल्या कुठल्याच कारणाने नाही. नुसताच नसेल. याला काय कारण देणार? सकाळी मी त्याच्यापुढे हात जोडले. शेवटचा गुरुवार वाजव, पोटभर वाजव, आणि शुक्रवारी आमच्याबरोबर चल. जुईलीची शपथ घातली. शेवटी तो “बरं” म्हणाला.

४

त्या गुरुवारी दुपारपासून हवा पिवळी होती. तोझ येणार असं सगळे म्हणत होते. तोझ म्हणजे धुळीचं वादळ, इथे नेहमीचंच. तरी कार्यक्रम झाला. ऐकायला नेहमीपेक्षा कमी लोक होते. आलोकने चपला काढून ठेवल्या, माझ्याकडे बघून हात हलवला. त्या क्षणी तो पूर्ण माझा होता, हे मी आजही सांगते.

दुसऱ्या गाण्याला पश्चिमेकडून धुळीची भिंत आली. दिवे लागलेले होते ते नारिंगी झाले. लोक सरबताचे पेले टाकून क्लबच्या इमारतीकडे पळाले. मी जुईलीचं तोंड ओढणीत गुंडाळलं आणि आलोकला हाक मारली. पण वाजवणारे थांबले नाहीत. उलट ते मायक्रोफोनच्या आणखी जवळ आले, पाठी बाहेर आणि डोकी आत करून. बँजोचा आवाज धुळीतून तडतडत येत होता.

डोळे किलकिले करून मी पाहिलं. आकृत्या तेवढ्या दिसत होत्या. मी त्या मोजल्या. पाच होत्या. एखादा श्रोता मध्ये अडकला असेल म्हणून मी पुन्हा मोजल्या.

आलोक मला पाठमोरा दिसत होता. अनवाणी, त्याचा निळा शर्ट वाऱ्याने फुगलेला. त्याची पाळी संपली. त्याने गज खाली घेतला, हात मांडीशी सैल सोडला आणि तो अर्धं पाऊल मागे सरकला. आता तो थांबा येईल म्हणून मी श्वास रोखला.

थांबा आला नाही. व्हायोलिन वाजायला लागलं.

आलोकची वाजवण्याची जी लकब आहे, खालच्या सुरावरून घसरत वर जाण्याची, तीच. मी ती लग्नापासून ऐकत आलेय. पण आलोकचा गज खाली लोंबत होता. त्याच्या पलीकडे, त्या मोकळ्या जागेत, त्याच्याएवढ्याच उंचीचं कोणीतरी मान वाकवून उभं होतं, आणि त्याचाही शर्ट वाऱ्याने फुगलेला होता. ते मान वर करायला लागलं.

मग धुळीने सगळं मिटलं. डोळ्यांत, तोंडात, दातांखाली माती. मी जुईलीवर वाकून बसले. संगीत कधी थांबलं ते मला कळलं नाही.

थोडं दिसायला लागलं तेव्हा आलोक व्हायोलिनची पेटी घेऊन माझ्याकडे येत होता. केस, भुवया, सगळं मातीने एकाच रंगाचं. “चल,” तो म्हणाला. मी त्याला मिठीच मारली. तिकडून डेल वायर गुंडाळता गुंडाळता हात वर करून ओरडला, “ये-टो!” आलोकने मागे वळून पाहिलं नाही.

५

घरी आल्यावर माझ्या लक्षात आलं की तो अनवाणी आहे. धुळीत चपला कोण शोधत बसणार? बरोबरच होतं. तो दारात उभा राहिला आणि पेटी माझ्यापुढे धरून म्हणाला, “ही कुठे ठेवायची?” ती गेली कित्येक वर्षं कपाटाच्या वरच असते. दमला असेल, मी म्हटलं.

जेवताना त्याने आमटीतला कढीपत्ता चावून खाल्ला. जन्मभर ताटाच्या कडेला काढून ठेवणारा माणूस. भूक लागली असेल. जुईली शाळेतल्या मैत्रिणींबद्दल बडबडत होती. तो घास हातात धरून, मान किंचित खाली घालून ऐकत राहिला आणि तिचं संपल्यावर पसंतीने मान डोलावली. एरवी तो तिला चिडवून हैराण करायचा. जुईलीने माझ्याकडे पाहिलं.

शुक्रवारी त्याने कशालाही नाही म्हटलं नाही. बॅगा बांध म्हटलं, बांधल्या. चल म्हटलं, तयार. मला हवं ते सगळं मिळालं होतं आणि मी दिवसभर काहीतरी शोधत घरात फिरत होते. विमान रात्रीचं होतं. ऊन कलल्यावर महबूबची टॅक्सी आली. महबूब आमचा नेहमीचा टॅक्सीवाला. तो बॅगा चढवू लागला. घर बंद करण्याआधी देव्हाऱ्यापुढे उभं राहून देवाचा निरोप घेण्याची आमची रीत आहे. मी “येते रे देवा” म्हटलं. जुईलीने पुटपुटल्यासारखं केलं.

तो देव्हाऱ्यापुढे आला. पायांत ऑफिसचे बूट तसेच होते. हात न जोडता त्याने तसबिरींकडे ओळीने पाहिलं.

“जातो,” तो म्हणाला.

माझ्या हातातली कुलपाची किल्ली खाली पडली. “काय म्हणालास?”

“जातोय ना आपण?” तो म्हणाला. त्याचं काही चुकलं नव्हतं. व्याकरणाने बघितलं तर काहीच चुकलं नव्हतं.

६

टॅक्सी क्लबपाशी आली तेव्हा मी महबूबला थांबायला सांगितलं. “साहब की चप्पल रह गयी है,” म्हटलं आणि उतरले.

हिरवळीवर कोणी नव्हतं. खुर्च्या उचललेल्या होत्या. पाण्याचे फवारे नुकतेच होऊन गेले असावेत, गवतावरची धूळ धुतली गेली होती. मायक्रोफोन अजून तिथेच उभा, डोक्याला प्लॅस्टिकची पिशवी बांधलेला. त्याची वायर काढून नेलेली होती. पलीकडे आलोकच्या चपला होत्या, त्याने ठेवल्या होत्या तशाच, जोडीने.

मी चपला उचलायला वाकले आणि थांबले. मायक्रोफोनपासून अर्धं पाऊल मागे दोन ठिकाणी गवत दबलेलं होतं. अनवाणी पावलांचे ठसे, कालचे असतील. पण पाणी पिऊन बाकीचं गवत ताठ झालं होतं आणि तेवढंच आडवं होतं. मी बघत असतानाच डाव्या टाचेखालचं गवत हळूच वर आलं आणि उजवीकडचं आणखी खाली गेलं. फार वेळ उभं राहिलेला माणूस पाय बदलतो तसं.

“आलोक?” मी म्हटलं.

रस्त्यावरच्या गाड्यांचा आवाज थांबला. कान दडपले. त्या पिशवीचं प्लॅस्टिक एकदाच आत ओढलं गेलं आणि फुगलं, आणि फार लांबून, जेवायला हाक मारल्यावर तो बाथरूममधून द्यायचा ना, तसा त्याचा आवाज आला.

“येतो.”

“ये,” मी म्हटलं. कुणीही म्हटलं असतं. मी खूप वेळ थांबले, महबूबने हॉर्न दिला तरी थांबले. दुसरं काही झालं नाही. मी चपला तिथेच ठेवल्या. फक्त त्यांची टोकं घराकडे वळवली.

टॅक्सीशी येऊन मी मागचं दार उघडलं आणि जुईलीला दंडाला धरून बाहेर काढलं. “आपण नाही जायचं.”

“व्हॉट? आई, व्हाय?”

पलीकडे बसलेला तो माझ्याकडे बघत होता. चेहरा तोच होता. ओठाखालचा व्रणसुद्धा तोच. माझं डोकं फिरलं असेल तर माझ्या हातून किती भयंकर गोष्ट होतेय, हे मला त्याही वेळी कळत होतं.

“तू पुढे हो,” मी म्हटलं.

त्याने कारण विचारलं नाही. आलोकने सतरा प्रश्न विचारले असते. “बरं,” तो म्हणाला. “जातो.”

बायकोने नवऱ्याला कधी म्हणू नये तो शब्द मी म्हटला. “जा.”

महबूबने आरशातून माझ्याकडे पाहिलं आणि गिअर टाकला. काच खाली होती. जुईलीला काय चाललंय ते कळत नव्हतं, रडू यायच्या बेतात होती. पण बाबाची चूक मात्र तिच्या ध्यानात आली होती, आणि चुका सुधारायला तिला मीच शिकवलं होतं.

“बाबा, दॅट्स राँग,” ती म्हणाली. “से ‘येतो’.”

त्याने खिडकीतून मान बाहेर काढली. तिच्या ओठांकडे त्याने लक्ष देऊन पाहिलं. मग एकेक अक्षर जुळवत, जपून, तो म्हणाला, “ये. तो.”

मी जुईलीच्या तोंडावर हात ठेवला, पण तोवर ती “ये” म्हणून गेली होती.